टपाल तिकिटावर चेहरा कुणाचा?

१८ एप्रिल १९५८ रोजी धोंडो केशव कर्वे शंभर वर्षांचे झाले आणि त्याच दिवशी टपाल खात्याने त्यांच्यावर १५ नव्या पैशांचं तिकीट काढलं. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर हयात भारतीयाचा चेहरा येण्याची ती पहिली वेळ. १८९३ साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यांच्या घरच्या माणसांनाही त्याचा जाच झाला. पासष्ट वर्षांनी त्याच माणसाचा चेहरा देशभरच्या पाकिटांवर चिकटून कोकणातल्या गावांतही पोस्टमनच्या झोळीतून पोचू लागला. त्याच वर्षी त्यांना भारतरत्नही मिळालं. पण भारतरत्न एका माणसाच्या हाती पडतं, तिकीट मात्र लाखो अनोळखी हातांतून जातं.

म्हणून मला तिकिटावरचे चेहरे महत्त्वाचे वाटतात. इंचभर कागदाचा हा तुकडा सरकारी दस्तऐवज आहे. आपल्या इतिहासातली कोणती माणसं आपली म्हणायची, हे त्या त्या वेळच्या सरकारने त्यावर नोंदवून ठेवलेलं असतं. नोंद वाचायची कशी, हे एकदा समजलं की जुन्या पाकिटांचा गठ्ठासुद्धा इतिहासाच्या पुस्तकासारखा उलगडतो.

आधी राजाचं डोकं

१८४० पर्यंत इंग्लंडमध्ये टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा देत असे. दर अंतराप्रमाणे बदलत, सामान्य माणसाला ते परवडत नसत, आणि लोक पत्र न घेता परत पाठवत. रोलंड हिल यांनी सुचवलं की पैसे पाठवणाऱ्याने आधी भरावेत, दर देशभर एकच असावा, आणि पैसे भरल्याची खूण म्हणून डिंक लावलेला छापील कागद पत्रावर डकवावा. मे १८४० मध्ये आलेलं ‘पेनी ब्लॅक’ हे जगातलं पहिलं टपाल तिकीट. त्यावर व्हिक्टोरिया राणीची बाजूने दिसणारी मुद्रा होती.

चेहरा निवडण्यामागे मान होताच, शिवाय एक अगदी व्यवहारी कारणही होतं. तिकीट म्हणजे पैसाच, तेव्हा त्याची नक्कल होणार ही भीती पहिल्या दिवसापासून होती. वेलबुट्टीतली एखादी रेघ इकडची तिकडे झाली तर कुणाला कळत नाही. चेहऱ्याचं तसं नसतं. नाकाचा कोन किंवा ओठाची रेघ जराशी चुकली तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं. ओळखीचा चेहरा हीच सुरक्षेची खूण ठरली. ब्रिटनच्या तिकिटांवर आजही देशाचं नाव छापत नाहीत, राजा-राणीची मुद्राच नावाचं काम करते.

हिंदुस्थानात पहिली तिकिटं १८५२ साली सिंध प्रांतात निघाली. तिथले आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी काढलेल्या या ‘सिंध डाक’ तिकिटांवर ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी चिन्ह होतं, चेहरा नव्हता. १८५४ मध्ये सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली तेव्हा मात्र व्हिक्टोरिया आली, आणि मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज असा राजाच्या डोक्यांचा सिलसिला चालू राहिला. काही संस्थानांची स्वतःची तिकिटं होती. त्यांनीही हाच कित्ता गिरवला. १८८६ साली इंदूरच्या तिकिटावर दुसरे तुकोजीराव होळकर आले ते राज्यकर्ते म्हणून. राज्य ज्याचं, चेहरा त्याचा, एवढाच नियम होता.

दुसरी परंपरा अमेरिकेत सुरू झाली. तिथे राजा नव्हता. १८४७ साली अमेरिकेची पहिली दोन तिकिटं निघाली त्यांवर बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉर्ज वॉशिंग्टन होते, आणि दोघेही तोवर मरण पावलेले होते. हे चेहरे होते देश घडवणाऱ्यांचे. ब्रिटनला या वाटेने यायला खूप वेळ लागला. राजघराण्याबाहेरचा माणूस तिथल्या तिकिटावर आला तो १९६४ साली, शेक्सपिअर जन्माला येऊन चारशे वर्षं झाली तेव्हा.

१९४७ साली भारतापुढे प्रश्न होता, राजाचं डोकं काढलं तर तिथे काय ठेवायचं? त्या वेळी आपण प्रजासत्ताक झालेलो नव्हतो. २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री सहावा जॉर्जच राजा होता. तरीही नव्या तिकिटांवर त्याला जागा मिळाली नाही. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी आलेल्या पहिल्या तिकिटावर तिरंगा होता आणि ‘जय हिंद’ ही अक्षरं. किंमत साडेतीन आणे, म्हणजे परदेशी जाणाऱ्या पत्राची. देश स्वतंत्र झाला ही बातमी जगाच्या टपालपेट्यांत टाकण्याची ती पद्धत होती. १५ डिसेंबरला देशांतर्गत पत्रांसाठी दीड आण्याचं अशोकस्तंभाचं तिकीट आलं आणि सोबत बारा आण्यांचं विमानाचं. या तिन्हींवर एकही माणूस नाही. राजाच्या जागी लगेच दुसरा माणूस बसवला नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

बापू, मग संत आणि कवी

माणूस आला तो १५ ऑगस्ट १९४८ रोजी. गांधीजींची हत्या होऊन साडेसहा महिने झाले होते. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं निघाली. त्यांवर देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत ‘बापू’ लिहिलं होतं. फाळणीच्या जखमा ओल्या असताना सरकारी कागदावर या दोन लिप्या शेजारी शेजारी आल्या. गांधीजी ज्या हिंदुस्थानीचा आग्रह धरत, तिच्याही याच दोन लिप्या.

ही तिकिटं छापली मात्र स्वित्झर्लंडमध्ये, कुर्व्हाझिए या कंपनीने. स्वदेशीचा मंत्र देणाऱ्या माणसाचं तिकीट परदेशात छापलं यावर आजही बोललं जातं. ती फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापली होती. या पद्धतीत छायाचित्रातल्या छटा फार मऊ उतरतात. साच्यावर बारीक खड्डे असतात, खोल खड्ड्यात शाई जास्त, उथळ खड्ड्यात कमी, आणि त्यातून गडद-फिका भेद तयार होतो. हातात घेऊन भिंगाखाली पाहिलं तर गांधीजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत तो भेद दिसतो.

याच मालिकेतून भारताचं सगळ्यांत दुर्मीळ समजलं जाणारं एक तिकीट जन्माला आलं. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी दहा रुपयांच्या तिकिटांपैकी फक्त शंभरांवर ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापला होता. त्यातल्या चार तिकिटांची एक जोडपट्टी २०१७ साली लंडनमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. एवढी मोठी रक्कम ऐकून लोक घरातली जुनी गांधी तिकिटं काढून बसतात, म्हणून सांगतो, की भाव त्या शंभरांचा आहे. दीड आण्याची तिकिटं त्या काळी साध्या पत्रांसाठी भरपूर छापली होती.

दर्शनी किंमतही वाचायची असते, ती अशी. दीड आण्याचे गांधी साध्या पत्रावरून घराघरांत गेले. दहा रुपये ही १९४८ साली मोठी रक्कम होती, तेव्हा ते तिकीट सामान्य माणसाच्या पत्रावर लागणं कठीणच. एखाद्या व्यक्तीवरचं तिकीट साध्या पत्राच्या दराचं असेल तर ते लोकांसाठी काढलेलं आहे असं समजावं.

यानंतर १ ऑक्टोबर १९५२ रोजी संत-कवींची मालिका आली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर अशी सहा नावं. कबीर ९ पैंच्या तिकिटावर, टागोर बारा आण्यांच्या. मला ही मालिका आपल्या तिकिटांच्या इतिहासातली सर्वांत सुंदर निवड वाटते. देश नवा होता, पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडली होती. नेत्यांना तिकिटावर आणायला कुणी अडवलं नसतं. त्याऐवजी एक विणकर, एक अंध मानला गेलेला गायक, राजवाडा सोडलेली एक स्त्री आणि कर्जात बुडालेला एक शायर निवडले गेले. ही तिकिटं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये फोटोग्राव्ह्युअरनेच छापली. म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या छपाईसाठी स्वित्झर्लंडला जावं लागलं, ती आता गोदावरीकाठी होऊ लागली. हा छापखाना १९२५ च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनच्या द ला रू कंपनीकडून छापून बोटीने येत. स्वतंत्र भारताच्या तिकिटांवरचे बहुतेक चेहरे नाशिकच्या शाईत उमटले आहेत, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवं.

चेहरा आणायचा कुठून?

टागोरांची छायाचित्रं होती. कबीर आणि मीरेचं काय? ती कशी दिसत होती हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी परंपरेने चालत आलेलं चित्र घेतात आणि त्यात कलाकाराची कल्पना मिसळते. पण तिकीट लाखांच्या संख्येत घरोघर गेल्यावर ती कल्पनाच लोकांच्या मनात खरी ठरते. संतांची, प्राचीन काळच्या विद्वानांची तिकिटं बघताना हे लक्षात ठेवावं. तिकिटातून त्यांच्या कार्याला मिळालेली मान्यता कळते. तो चेहरा त्यांचाच होता, असा पुरावा मात्र तिकीट देत नाही.

छायाचित्र असलं तरी धोका संपत नाही. १९९४ साली अमेरिकेने तिथल्या पश्चिमेकडच्या नामांकित माणसांवर तिकिटांचा एक ताव काढला. त्यात बिल पिकेट हा कृष्णवर्णीय काउबॉय होता. छापून झाल्यावर घरच्या लोकांनी सांगितलं की हा बिल नाही, त्याचा भाऊ बेन आहे. ज्या छायाचित्रावरून चित्र काढलं होतं, त्याखालीच वर्षानुवर्षं चुकीचं नाव पडलेलं होतं. ताव परत घ्यावे लागले, नवं चित्र काढून पुन्हा छपाई झाली. १९५६ साली पूर्व जर्मनीने संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्या शंभराव्या पुण्यतिथीचं तिकीट काढलं, तेव्हा चेहऱ्यामागे छापलेली स्वरलिपी शूमानची नसून शूबर्टची निघाली. काही महिन्यांत दुरुस्त तिकीट काढावं लागलं. म्हणून चित्र, सही, हस्ताक्षर, मागची इमारत या प्रत्येक गोष्टीची खातरजमा तिकिटाच्या कामात फार महत्त्वाची असते. कुटुंबीयांना किंवा त्या व्यक्तीच्या संस्थेला विचारणं हा त्याचाच भाग.

ठरवतं कोण

आता कामाची रीत. टपाल खात्याची तिकिटं ढोबळमानाने दोन जातींची. रोजच्या वापराची तिकिटं, ज्यांना संग्राहक ‘डेफिनिटिव्ह’ म्हणतात, ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली जातात. विशेष प्रसंगाची किंवा व्यक्तीच्या स्मरणार्थ काढलेली तिकिटं, म्हणजे ‘कमेमोरेटिव्ह’, एकदाच ठरावीक संख्येत छापतात आणि संपली की संपली. आपण ज्याला ‘अमुकांवर तिकीट निघालं’ म्हणतो ते बहुधा दुसऱ्या जातीचं असतं.

अशा तिकिटाचा प्रस्ताव कुणीही नागरिक किंवा संस्था पाठवू शकते. तो दिल्लीच्या डाक भवनातल्या फिलाटेली (म्हणजे तिकीटसंग्रह) विभागाकडे जातो. तिथे फिलाटेलिक सल्लागार समिती त्यावर विचार करते आणि शेवटची मंजुरी सरकारची असते. त्या व्यक्तीचं काम देशपातळीवर महत्त्वाचं आहे का, निमित्त कोणतं आहे, विश्वासार्ह माहिती आणि चित्रं आहेत का, हे पाहिलं जातं. मंजुरीनंतर चित्रकार आराखडा करतो, तो मान्य झाला की छपाई. प्रकाशनाच्या दिवशी तिकिटासोबत खास पाकीट म्हणजे ‘फर्स्ट डे कव्हर’ मिळतं, त्या दिवसाचा खास शिक्का असतो आणि एक छोटं माहितीपत्रकही असतं. माहितीपत्रकाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. त्यात त्या व्यक्तीची ओळख असते आणि तिकीट किती छापलं, कोणत्या पद्धतीने, कुठे छापलं, चित्र कुणाचं, हेही दिलेलं असतं. माझ्या मते संग्रहात तिकिटाइतकीच जागा माहितीपत्रकाला द्यावी.

हयात व्यक्तीवर तिकीट काढायचं नाही, हा सर्वसाधारण नियम. कारण उघड आहे. सत्तेवरच्या माणसाने स्वतःचाच चेहरा छापून घेऊ नये, आणि माणसाचं काम काळाने जोखलेलं असावं. तरीही अपवाद झाले. कर्व्यांनंतर १९६० मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. १९६२ मध्ये राजेंद्र प्रसाद, १९६७ मध्ये राधाकृष्णन आणि १९७४ मध्ये व्ही. व्ही. गिरी आले, तिघेही राष्ट्रपतिपदाचा काळ संपवून. १९८० साली मदर तेरेसा आल्या. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकर आला, मुंबईत वानखेडेवर दोनशेवी कसोटी खेळत असताना. या सगळ्या अपवादांत मला कर्व्यांचा अपवाद सर्वांत योग्य वाटतो. त्यांच्यापाशी पद नव्हतं आणि सत्ताही नव्हती, होतं ते साठ वर्षांहून अधिक काळ हिंगण्यात आणि महिला विद्यापीठात केलेलं काम. तिकीट निघाल्यावर ते आणखी चार वर्षं जगले.

तारीख बघा

तिकीट हाती आलं की मी आधी प्रकाशनाची तारीख बघतो. बहुतेक वेळा ती जयंती किंवा पुण्यतिथी असते. २३ जुलै १९५६ ला लोकमान्य टिळकांची जन्मशताब्दी होती. १५ ऑगस्ट १९५७ ला राणी लक्ष्मीबाईंचं तिकीट आलं, कारण ते १८५७ च्या उठावाचं शताब्दी वर्ष होतं. १९६५ च्या १५ एप्रिलला भारताने अब्राहम लिंकनवर तिकीट काढलं, त्यांच्या मृत्यूला त्या दिवशी शंभर वर्षं झाली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचं तिकीट १९६९ साली आलं, त्यांच्या हत्येनंतर वर्षभरात.

काही तारखा मात्र पहिल्या नजरेत कोड्यात टाकतात. छत्रपती शिवाजी महाराजांचं तिकीट १७ एप्रिल १९६१ रोजी निघालं. आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते आणि महाराजांचं निधन ३ एप्रिलचं. मग १७ एप्रिल का? पंचांग काढून पाहिलं की उलगडा होतो. त्या दिवशी वैशाख शुद्ध द्वितीया होती. तेव्हा शिवजयंती तिथीने याच दिवशी साजरी होत असे. जन्मतारखेचा वाद पुढे चालला आणि सरकारी तारीख बदलली, पण १९६१ साली महाराष्ट्रात कोणता दिवस मानत होते याची साक्ष ते तिकीट देतं.

तारखेतून आणखी एक गोष्ट कळते आणि ती मला अस्वस्थ करते. कुणाला किती वाट पाहावी लागली? रमाबाई रानड्यांवरचं तिकीट १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला निघालं. ते योग्यच होतं. सेवासदनाचं त्यांचं काम मोठं आहे. पण त्यांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधी ज्या बाईने पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली होती, त्या सावित्रीबाई फुल्यांचं तिकीट १० मार्च १९९८ ला आलं. मध्ये छत्तीस वर्षं. सावित्रीबाईंची पहिली जन्मशताब्दी १९३१ साली झाली. तेव्हा परक्यांचं राज्य होतं हे खरं. पण १९८१ साली त्यांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली, तेव्हा आपलं राज्य होतं. जोतीराव त्यांच्या वीस वर्षं आधी, २८ नोव्हेंबर १९७७ ला आले. पंडिता रमाबाईंना १९८९ पर्यंत थांबावं लागलं, अहिल्याबाई होळकरांना १९९६ पर्यंत.

यात कुण्या एका अधिकाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. समितीपुढे जे प्रस्ताव येतात त्यांतूनच निवड होते. प्रस्ताव येतात ते ज्यांच्या मागे संस्था, स्मारक समित्या, दिल्लीपर्यंत पोच असलेली माणसं असतात त्यांचे. टिळक १९५६, गोखले १९६६, आंबेडकर १९६६, सावरकर १९७०, फुले १९७७, शाहू महाराज १९७९. ही वर्षं एका ओळीत मांडली की महाराष्ट्रात कोणत्या काळात कुणाचा आवाज दिल्लीत ऐकू जात होता, याचा नकाशाच तयार होतो. नव्वदच्या दशकानंतर तो नकाशा झपाट्याने रुंदावला. १९९८ मध्ये सावित्रीबाईंसोबत वि. स. खांडेकर आले, गाडगेबाबा आले. २००२ या एका वर्षात तुकाराम, पु. ल. देशपांडे आणि अण्णा भाऊ साठे तिघेही तिकिटावर आले. देहूचा वाणी, पार्ल्याचा लेखक आणि वाटेगावचा शाहीर एकाच वर्षाच्या संग्रहात शेजारी बसलेले पाहून आनंद होतो. अण्णा भाऊंना जाऊन तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती.

गोव्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्याची स्वतःची तिकिटं होती. १८९८ साली वास्को द गामाच्या आगमनाला चारशे वर्षं झाली म्हणून मालिका निघाली. १९४६ च्या मालिकेत पुन्हा गामा, शिवाय आफोन्सो द आल्बुकेर्क, कवी कामोंइश, वैद्य गार्सिया द ओर्ता, संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे समुद्रापलीकडून आलेली माणसं. १९५१ मध्ये जुझे वाझ आले, गोव्यातच जन्मलेले आणि श्रीलंकेत काम केलेले धर्मगुरू. मुक्तीनंतर तिकिटं भारताची झाली आणि २००८ मध्ये गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचा, गणितज्ञ आणि इतिहासकाराचा चेहरा त्यांवर आला. गोवा तोच राहिला, मांडवी तीच वाहत राहिली. राज्य बदललं तशी आठवणीत ठेवायची माणसं बदलली.

रोजच्या वापराच्या तिकिटांवर हा बदल आणखी ठळक दिसतो, कारण ती सतत छापली जातात. २००८ नंतरच्या मालिकेत गांधी, नेहरू, आंबेडकर यांच्यासोबत इंदिरा आणि राजीव गांधी होते, पेरियार होते, सत्यजित राय, होमी भाभा आणि जे. आर. डी. टाटा होते. २०१५ साली नवी मालिका ठरली तेव्हा इंदिरा आणि राजीव यांची तिकिटं छापणं थांबलं. शिवाजी महाराज, महाराणा प्रताप, टिळक, भगतसिंग, दीनदयाळ उपाध्याय, श्यामाप्रसाद मुखर्जी आले, आणि गायन-वादनातून भीमसेन जोशी, सुब्बुलक्ष्मी, बिस्मिल्ला खान, रविशंकर आले. यावर दोन्ही बाजूंनी राजकीय वाद झाला. वाचकाने कोणतीही बाजू घ्यावी, पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या यादीवर सरकारची छाप असते. ती आधीच्या याद्यांवर होती आणि पुढच्या याद्यांवरही राहील.

बातमीतलं ‘तिकीट’ खरं की हौसेचं

अलीकडे एक घोटाळा फार होतो. गावातल्या एखाद्या सद्गृहस्थांवर, संस्थेवर किंवा मंदिरावर ‘भारत सरकारने टपाल तिकीट काढलं’ अशी बातमी येते आणि फोटोही असतो. बहुतेक वेळा ते ‘माय स्टॅम्प’ असतं. २०११ मध्ये टपाल खात्याने ही सोय सुरू केली. ठरलेली रक्कम भरून, ओळखपत्र आणि छायाचित्र देऊन कुणालाही आपल्या पसंतीच्या चित्राचा ताव करून घेता येतो. त्यात डाव्या-उजव्या अशा दोन भागांपैकी एकावर टपाल खात्याचं नेहमीचं चित्र आणि किंमत असते, दुसऱ्या जोडभागावर तुमचं छायाचित्र. टपालखर्च भरतो तो पहिला भाग. लग्नाच्या वाढदिवसाला आईवडिलांना असा ताव द्यावा, फार छान भेट आहे. पण तो राष्ट्राने केलेला गौरव नव्हे.

दुसरा प्रकार ‘विशेष आवरण’. एखाद्या समारंभासाठी स्थानिक पातळीवर खास छापलेलं पाकीट आणि त्या दिवसाचा खास शिक्का असतो. त्यावर चिकटवलेलं तिकीट मात्र नेहमीचं असतं. चित्र पाकिटावर आहे की तिकिटावर, एवढं पाहिलं तरी फरक कळतो. खरं स्मारक तिकीट असेल तर व्यक्तीचं नाव, ‘भारत’, किंमत आणि वर्ष हे सगळं एकाच चौकटीत, छिद्रांच्या आत छापलेलं असतं.

आता पत्रंच कमी झाली, तिकिटांचं काय, असं कुणी विचारतं. पाकिटांवर बारकोड आले, स्पीड पोस्टच्या पावतीने तिकिटाची जागा घेतली, आणि नव्या स्मारक तिकिटांपैकी बरीच थेट संग्राहकांच्या वहीत जातात. याचं मला वाईट वाटतं. कर्व्यांचं तिकीट फिरत पोचलं म्हणून त्याला अर्थ होता. यावर माझ्यापाशी एकच उपाय आहे. नवं तिकीट घेतलं की दोन घ्यावीत. एक ठेवावं आणि एक पाकिटावर लावून कुणालातरी पत्र लिहावं. शक्यतो नातवंडाला.

मुंबईचं जीपीओ, पुणे, नागपूर, पणजी अशा मोठ्या टपाल कार्यालयांत फिलाटेलिक ब्युरो किंवा काउंटर असतो. तिथे ठेव खातं उघडलं की नवी तिकिटं घरपोच येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी ‘दीनदयाळ स्पर्श’ नावाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ६००० रुपये, त्यासाठी मुलाला तिकिटांची आवड आणि जाण दाखवावी लागते. शाळेत फिलाटेली क्लब असेल तर उत्तम.

आणि प्रस्ताव. तुमच्या तालुक्यातली एखादी शिक्षिका, एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ, एखादी लावणी कलावंत, एखादा सत्यशोधक कार्यकर्ता देशाच्या आठवणीत असायला हवा असं वाटत असेल, तर तो कागद तुम्हीच पाठवू शकता. जयंती किंवा पुण्यतिथीच्या बरंच आधी कामाला लागावं, कारण छाननीला, मंजुरीला आणि चित्राला वेळ लागतो. जन्म-मृत्यूच्या तारखा पुराव्यासह द्याव्यात. कामाचा देशपातळीवरचा परिणाम दाखवणारी कागदपत्रं जोडावीत. छायाचित्र मूळ असावं, मागे कुणी नाव लिहिलेलं असलं तरी घरच्यांकडून ते पडताळून घ्यावं, आणि वारसांची परवानगी लेखी असावी. पत्ता दिल्लीचा आहे, डाक भवन, संसद मार्ग.